डिस्कवर जागा किती उरली? एका साध्या प्रश्नाचा इतिहास

प्रबंधातल्या 'संशोधन पद्धती' या प्रकरणात एक ओळ बऱ्याचदा वाचायला मिळते : 'सगळी आकडेमोड लिनक्सवर केली, कर्नेल ५.४, डिस्क ४ टीबी.' लिहिणाऱ्याला वाटतं काम झालं, आणि वाचणाऱ्यालाही त्यात काही खटकत नाही. पण हे दोन आकडे जरा खोदले की लक्षात येतं, त्यातून फारसं काही कळतच नाही. कर्नेल ५.४ म्हणजे नेमकं कुठलं? ४ टीबीपैकी वापरता येण्यासारखी जागा किती, आणि ती मोजली कोणी, कशी?

तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल, तर विषय कुठलाही असो, तुमचा डेटा कुठल्या ना कुठल्या डिस्कवर राहणार आहे. म्हणून या पोस्टमध्ये मी दोन आकड्यांचा इतिहास सांगणार आहे : कर्नेलचा आवृत्ती-क्रमांक आणि डिस्कवरची 'शिल्लक जागा'. इतिहासाचे विद्यार्थी बखरीतला आकडा जसा आहे तसा उचलत नाहीत. तो कोणी लिहिला, केव्हा, कशासाठी, हे आधी विचारतात. स्क्रीनवरच्या आकड्यालाही तीच शिस्त लावायची आहे.

१९७१ : जेव्हा उत्तर एकच होतं

'डीएफ' आणि 'डीयू' या दोन कमांड तुम्ही वापरल्या असतील. दोन्ही युनिक्सच्या अगदी पहिल्या मॅन्युअलमध्ये आहेत. बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी तयार केलेल्या या मॅन्युअलवर तारीख आहे ३ नोव्हेंबर १९७१. म्हणजे या कमांड लिनक्सपेक्षा वीस वर्षांनी मोठ्या.

दोघींचं काम वेगळं. डीएफ फाइल सिस्टिमला विचारते, 'तुझ्याकडे रिकामं किती?' डीयू एकेका फोल्डरमध्ये शिरून फाइल मोजते आणि बेरीज करते. एक वरून मोजते, दुसरी खालून. दोन्ही आकडे साधारण जुळायचे, कारण त्या काळच्या रचनेत तीन गोष्टी गृहीत होत्या. एक, डिस्कवरचा ब्लॉक रिकामा असतो किंवा भरलेला, मधलं काही नाही. दोन, भरलेला ब्लॉक एकाच फाइलचा असतो. तीन, रिकामा ब्लॉक कोणत्याही कामाला चालतो.

ही तीन गृहीतकं लक्षात ठेवा. पुढचा सगळा इतिहास ती एकेक करून कशी मोडली याचा आहे.

१९८४ : 'रिकामं' आणि 'उपलब्ध' यांची फारकत

पहिला तडा बर्कलीत गेला. मॅक्युसिक, जॉय, लेफ्लर आणि फॅब्री यांनी १९८४ मध्ये त्यांच्या वेगवान फाइल सिस्टिमवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. डिस्क अगदी काठोकाठ भरली की नव्या फाइलचे तुकडे लांब-लांब विखुरतात आणि वेग घसरतो. म्हणून त्यांनी थोडी जागा, साधारण १० टक्के, राखून ठेवली. ती फक्त व्यवस्थापकाला वापरता येणार. तेव्हापासून 'रिकामी' जागा आणि सामान्य वापरकर्त्याला 'उपलब्ध' जागा हे दोन वेगळे आकडे झाले.

लिनक्समध्ये १९९३ साली आलेल्या ईएक्सटी२ ने हीच प्रथा उचलली, पण ५ टक्क्यांवर. ईएक्सटी४ मध्येही डिफॉल्ट तेच आहे. ४ टीबीच्या डिस्कवर ५ टक्के म्हणजे २०० जीबी. डीएफच्या ओळीत 'वापरलेली' अधिक 'उपलब्ध' यांची बेरीज एकूण आकाराइतकी का होत नाही, हा प्रश्न पडला असेल तर उत्तर चाळीस वर्षं जुनं आहे.

आणखी एक जुनी फट सांगून पुढे जाऊ. एखादा प्रोग्रॅम फाइल उघडून बसला आहे आणि तुम्ही ती फाइल डिलीट केलीत. फोल्डरमधून नाव गेलं, म्हणून डीयूला ती दिसत नाही. पण प्रोग्रॅम बंद होईपर्यंत जागा सुटत नाही, म्हणून डीएफला ती भरलेलीच दिसते. रात्रभर चालणाऱ्या सिम्युलेशनची लॉग फाइल उडवूनही जागा मोकळी झाली नाही, तर आधी हे तपासा.

२००७ : जुन्यावर न लिहिणारी फाइल सिस्टिम

खरी उलथापालथ 'कॉपी ऑन राइट' या कल्पनेने केली. कल्पना सोपी आहे. फाइल बदलायची असेल तर जुन्या ब्लॉकवर खाडाखोड करायची नाही. नवा मजकूर नव्या ब्लॉकवर लिहायचा आणि मग नोंदवहीतला पत्ता बदलायचा. मधेच वीज गेली तरी जुनी प्रत शाबूत राहते. शिवाय जुना पत्ता जपून ठेवला की त्या क्षणाचा 'स्नॅपशॉट' जवळजवळ फुकट मिळतो.

नेटॲपच्या हिट्झ, लाऊ आणि मॅल्कम यांनी १९९४ मध्ये वर्णन केलेली डब्ल्यूएएफएल ही याच विचाराची. सन मायक्रोसिस्टिम्सची झेडएफएस २००५ मध्ये सोलारिसच्या सोर्स कोडमध्ये आली. पण तिचा परवाना लिनक्सच्या परवान्याशी जुळत नसल्याने ती लिनक्स कर्नेलचा भाग होऊ शकली नाही.

२००७ मध्ये आयबीएमच्या ओहाद रोडे यांनी बी-ट्री ही जुनी रचना कॉपी ऑन राइटला सोयीची कशी करता येईल हे मांडलं. त्यावर उभं राहून ओरॅकलमधल्या ख्रिस मेसन यांनी त्याच वर्षी जूनमध्ये बीटीआरएफएस जाहीर केली. (उच्चार कोणी 'बटर एफएस' करतं, कोणी 'बेटर एफएस'.) मार्च २००९ च्या कर्नेल २.६.२९ मध्ये ती मुख्य लिनक्समध्ये आली. गंमत म्हणजे पुढच्याच महिन्यात ओरॅकलने सन विकत घेत असल्याचं जाहीर केलं, आणि झेडएफएसही त्यांच्याच घरात आली.

आता आपली तीन गृहीतकं पाहू.

सामाईक सातबारा

'ब्लॉक एकाच फाइलचा' हे गृहीतक स्नॅपशॉटने मोडलं. समजा ५० जीबीचा डेटा आहे आणि तुम्ही त्याचा स्नॅपशॉट घेतलात. डीयू दोन्हीकडे फिरून सांगेल १०० जीबी. डीएफ सांगेल ५० जीबी. खोटं कोणीच बोलत नाही. सामाईक सातबाऱ्यावर दोघा भावांची नावं असतात. प्रत्येकाला विचारलंत तर दोघंही तीच पाच एकर सांगतील. बेरीज केलीत तर दहा, जमीन मात्र पाचच.

आता मूळ डेटातला ५ जीबी बदला. नवे ५ जीबी वेगळ्या जागी लिहिले गेले, जुने ५ स्नॅपशॉटने धरून ठेवले. एकूण वापर ५५ जीबी. जागा हवी म्हणून स्नॅपशॉट उडवलात तर सुटतील फक्त ५ जीबी, कारण बाकीचे ४५ सामाईक आहेत. 'पन्नास जीबीचं फोल्डर उडवलं तरी जागा होत नाही' या तक्रारीमागे बहुधा हेच असतं.

म्हणून बीटीआरएफएसला स्वतःची वेगळी 'डीयू' उपकमांड द्यावी लागली. ती एकूण, केवळ-याचं आणि सामाईक असे तीन आकडे देते. हा प्रश्न आता फक्त बीटीआरएफएसचा राहिलेला नाही. एक्सएफएसमध्येही ब्लॉक वाटून घेणाऱ्या प्रती करता येतात, आणि २०२१ च्या कोअरयुटिल्स ९.० पासून साधी 'सीपी' कमांडही शक्य असेल तिथे अशीच प्रत करते. म्हणजे तुम्ही न सांगताच तुमचा सातबारा सामाईक होऊ शकतो.

लोकलचा डबा

'रिकामा ब्लॉक कोणत्याही कामाला चालतो' हे गृहीतकही गेलं. बीटीआरएफएस डिस्क मोठ्या तुकड्यांमध्ये वाटते. काही तुकडे डेटासाठी, साधारण १ जीबीचे. काही मेटाडेटासाठी, म्हणजे फाइलची नावं, पत्ते, चेकसम वगैरे नोंदींसाठी. एकदा तुकडा डेटाला दिला की त्यात मेटाडेटा बसत नाही. मुंबईच्या लोकलचं चित्र डोळ्यांसमोर आणा. फर्स्ट क्लासमध्ये जागा आहे, पण सेकंड क्लासच्या प्रवाशाला तिचा उपयोग नाही.

एक कल्पित हिशोब करू. डिस्क १०० जीबीची. ९६ जीबी डेटाला वाटून झालेत, त्यातले ६० प्रत्यक्ष भरलेत. उरलेले ४ जीबी मेटाडेटाला दिलेत, पण मेटाडेटाच्या दोन प्रती ठेवल्या जातात म्हणून कामाचे २ जीबी, आणि ते भरत आलेत. न वाटलेली जागा शून्य. डेटाच्या तुकड्यांत ३६ जीबी रिकामे आहेत, तरी नवी फाइल करताना 'जागा नाही' असा संदेश येईल. त्याहून वाईट म्हणजे, फाइल डिलीट करायलासुद्धा आधी नवी नोंद लिहावी लागते, कारण जुन्यावर खाडाखोड करायची नाही हा नियमच आहे. अशा अडचणीसाठी फाइल सिस्टिम थोडी जागा स्वतःकडे राखून ठेवते. तिला 'ग्लोबल रिझर्व्ह' म्हणतात.

यावर उपाय 'बॅलन्स' नावाचा : अर्धवट भरलेले तुकडे एकत्र करून काही पूर्ण मोकळे करायचे. डिसेंबर २०१४ च्या कर्नेल ३.१८ पासून पूर्ण रिकामे झालेले तुकडे आपोआप परत घेतले जाऊ लागले. म्हणजे 'डिस्क भरली' ही घटना ३.१७ वर आणि ३.१८ वर वेगवेगळी घडू शकते. साधनांच्या ३.१८ आवृत्तीतच 'फाइलसिस्टिम युसेज' ही कमांड आली. वाटलेलं किती, न वाटलेलं किती, वाटलेल्यातलं वापरलेलं किती, हे ती वेगवेगळं दाखवते. बीटीआरएफएसवर काम करणार असाल तर डीएफऐवजी हिची सवय लावा.

उरलं पहिलं गृहीतक, 'रिकामा किंवा भरलेला'. दोन डिस्क, प्रत्येकी १ टीबी, आरशासारखी प्रत म्हणजे रेड-१. एकूण जागा २ टीबी की १? सुरुवातीच्या काळात डीएफमध्ये दोन्ही डिस्कची सरळ बेरीज दिसायची. नंतर प्रतींच्या संख्येने भागून दाखवायला सुरुवात झाली. पण डेटा आणि मेटाडेटाच्या प्रतींची संख्या वेगळी असेल, तर शिल्लक जागा तुम्ही पुढे काय लिहिणार यावर ठरते. छोट्या हजारो फाइल लिहिल्यात तर वेगळी, चार मोठ्या लिहिल्यात तर वेगळी. कर्नेलला तुमचं भविष्य माहीत नसतं. म्हणून डीएफचा आकडा इथे मोजमाप कमी आणि अंदाज जास्त असतो.

आवृत्ती-क्रमांकाचा इतिहास

आता दुसरा आकडा. मार्च १९९४ मध्ये लिनक्स १.० आलं. त्यानंतर बरीच वर्षं एक संकेत होता : मधला आकडा सम असेल तर स्थिर, विषम असेल तर प्रयोगाची आवृत्ती. २.२ आणि २.४ वापरायच्या, २.३ आणि २.५ डेव्हलपरांसाठी. क्रमांक पाहूनच विश्वास किती ठेवायचा ते कळायचं. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आलं आणि ही पद्धत सुटली. २.७ कधी आलंच नाही. नवी भर २.६ च्याच पुढच्या आवृत्त्यांमध्ये पडत गेली. २००५ पासून प्रत्येक आवृत्तीला फक्त दुरुस्त्यांची वेगळी शाखा मिळू लागली.

जुलै २०११ मध्ये २.६.३९ नंतर थेट ३.० आलं. लिनस टॉरवाल्ड्स यांनी तेव्हाच सांगून टाकलं होतं की यात काही मोठा बदल नाही. आकडे फार लांबले होते आणि लिनक्सला वीस वर्षं होत होती, इतकंच कारण. ४.० (२०१५), ५.० (२०१९), ६.० (२०२२) यांचंही तसंच. त्यामुळे '५ वरून ६ वर गेलो' या वाक्याने मोठा टप्पा ओलांडल्याचं सिद्ध होत नाही. दर नऊ-दहा आठवड्यांनी नवी आवृत्ती येते. त्यातल्या मोजक्या आवृत्त्या 'दीर्घ मुदतीच्या' ठरतात आणि त्यांना काही वर्षं दुरुस्त्या मिळत राहतात, उदाहरणार्थ ५.४, ५.१०, ५.१५, ६.१, ६.६.

वर वितरकांचा थर आहे. रेड हॅट एंटरप्राइज लिनक्स ७ च्या कर्नेलचा क्रमांक ३.१०. पण २०१३ च्या मूळ ३.१० मध्ये नंतरच्या आवृत्त्यांमधले असंख्य बदल त्यात मागून आणून बसवलेले आहेत. पाटी जुनी, दुकानातला माल निम्मा नवा. आणि माल कुठला ठेवायचा हेही ज्याचं तो ठरवतो. सुझेने २०१४ मध्ये आपल्या एंटरप्राइज आवृत्ती १२ मध्ये बीटीआरएफएस मुख्य विभाजनासाठी डिफॉल्ट केली. रेड हॅटचा डिफॉल्ट एक्सएफएस होता. त्यांनी २०१७ मध्ये बीटीआरएफएस पुढे ठेवणार नसल्याचं जाहीर केलं आणि आवृत्ती ८ मधून ती काढली. फेडोराने मात्र २०२० मध्ये डेस्कटॉपसाठी तीच डिफॉल्ट केली. फाइल सिस्टिम एकच, निर्णय तीन.

जिथे दोन्ही आकडे भेटतात

दोन प्रकरणं सांगतो. जुलै २०१९ मध्ये कर्नेल ५.२ आलं. त्यात बीटीआरएफएसमध्ये एक गंभीर दोष होता : विशिष्ट परिस्थितीत मेटाडेटा डिस्कवर लिहिला जायचाच नाही, आणि फाइल सिस्टिम बिघडू शकायची. दुरुस्ती सप्टेंबरमध्ये ५.३ आणि ५.२.१५ मध्ये आली. म्हणजे ५.२.१४ आणि ५.२.१५ यांच्यातला फरक एखाद्याच्या वर्षभराच्या डेटाइतका मोठा होता. आणि त्या उन्हाळ्यात ज्याने 'नवीन म्हणजे चांगलं' म्हणून अपडेट केलं, त्याचीच अडचण झाली.

दुसरं प्रकरण आपल्या विषयाच्या अगदी मधोमध आहे. लोकलच्या डब्याची अडचण डेव्हलपरांना माहीत होतीच. म्हणून आधीच्या एका आवृत्तीत नियम घातला गेला होता : मेटाडेटाची जागा संपत आली असेल तर डीएफला 'उपलब्ध : शून्य' सांगायचं. हेतू प्रामाणिक होता. पण न वाटलेली जागा अजून शिल्लक आहे का, हे त्या नियमात तपासलं जात नव्हतं. बरीच वर्षं ते फारसं जाणवलं नाही. मग नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ मध्ये मेटाडेटासाठी जागा धरून ठेवण्याची पद्धत बदलली, आणि भरपूर जागा असलेल्या डिस्कवर डीएफ 'शून्य' सांगू लागली. कर्नेलने लिहू दिलं असतं, पण आधी शिल्लक विचारून मग काम करणारे प्रोग्रॅम दारातूनच परत फिरत होते. २०२० च्या सुरुवातीला तपासणी जोडली गेली आणि प्रश्न मिटला.

गंमत पाहा, ५.४ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती. तिच्या सुरुवातीच्या कर्नेलवर डीएफ शून्य सांगायची, नंतरच्यांवर बरोबर सांगते. दोन्हींचं नाव '५.४'. आता पहिल्या परिच्छेदातली ती ओळ पुन्हा वाचा.

मग निवडायचं कसं?

नवी फाइल सिस्टिम वापरायची असेल, तर दीर्घ मुदतीच्या शाखेतली ताजी आवृत्ती घ्या. शाखा थोडी जुनी चालेल, तिसरा आकडा मात्र शक्य तितका पुढचा हवा. शाखेची पहिली आवृत्ती आली त्याच दिवशी डेटा असलेल्या मशीनवर चढवू नका. चालणारं जुनं कर्नेल बूट मेन्यूत राहू द्या. विद्यापीठाच्या सर्व्हरवर वितरकाचं कर्नेल असेल, तर तो वितरक कोणत्या फाइल सिस्टिमची जबाबदारी घेतो ते वाचा आणि तीच वापरा.

एखादी सोय 'कर्नेलमध्ये आहे' आणि 'भरवशाची आहे' यांत वर्षांचं अंतर असतं. बीटीआरएफएसची रेड-५ आणि रेड-६ २०१३ च्या ३.९ मध्ये आली. तरी तिचे कागदपत्र आजही महत्त्वाच्या डेटासाठी ती वापरू नका असंच सांगतात. उलट दिशेचंही भान ठेवा. झेडएसटीडी कॉम्प्रेशन ४.१४ मध्ये आलं. ते वापरलेली डिस्क त्याआधीच्या कर्नेलच्या मशीनला लावलीत तर ती माउंटच होणार नाही. आणि राइजरएफएस २००१ पासून कर्नेलमध्ये होती, ६.१३ मधून ती काढून टाकली. विभागाच्या कपाटात जुन्या डिस्क असतील तर त्यावर काय आहे ते आताच पाहून ठेवा.

नोंद कशी करायची? 'यूनेम -आर' चं पूर्ण उत्तर, वितरकाची आवृत्ती, फाइल सिस्टिमचं नाव आणि तिच्या साधनांची आवृत्ती, माउंट करतानाचे पर्याय, डेटा-मेटाडेटाच्या प्रती किती, आणि प्रयोग सुरू करताना व संपताना 'युसेज' ने काय दाखवलं. पाच-सहा ओळी होतात. परिशिष्टात सहज मावतात. आणि स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप समजू नका. तो त्याच डिस्कवर असतो, डिस्क गेली की तोही गेला.

आज एक छोटा अभ्यास करा. तुमच्या मशीनवर डीएफ आणि डीयू दोन्ही चालवा, आणि बीटीआरएफएस असेल तर 'युसेज' सुद्धा. आकडे जुळणार नाहीत. का जुळत नाहीत हे एका परिच्छेदात, स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवा. प्रत्येक आकड्याने कोणता प्रश्न विचारला होता हे तुम्हाला सांगता आलं, तर पद्धतीच्या प्रकरणातली तुमची ती एक ओळ आपोआप नीट लिहिली जाईल.